कट्यार : मुठीतले शस्त्र

कट्यार म्हटले की आपणा मराठी मंडळींना १९६७ सालचे दारव्हेकरांचे नाटक आणि अभिषेकीबुवांचे संगीत आठवते. खरी कट्यार मात्र फार थोड्यांनी निरखून पाहिलेली असते.

तिची मूठ पात्याला आडवी असते. दोन समांतर दांड्या मनगटाच्या दोन्ही अंगांनी मागे येतात, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या मुठीत धरायच्या. त्यामुळे ठोशाचा सारा जोर सरळ टोकाशी जातो. टोक बरेचदा मुद्दाम जाड ठेवत, चिलखताच्या कड्या फाकवण्यासाठी. आम्हा डिप्लोमावाल्यांना हे डिझाइन पाहताक्षणी पटते!

जपानी खंजीर ‘तांतो’ दिसायला साधा, साधारण ३० सेंमीच्या आत. त्याची करामत पाणी देण्यात. पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर पातळ. म्हणून धार कठीण, पाठ चिवट. रुळाचा माथा कठीण करतात तो काहीसा याच तत्त्वाने. जुन्या नामांकित तांतोंना जपानने ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरवले आहे.

आणि आपल्याकडे? तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारात पंजा झाकणाऱ्या नक्षीदार ढालीच्या सुरेख कट्यारी होत्या, काहींना चक्क युरोपीय तलवारीची पाती रिव्हेट केलेली. १८५५ साली राजे शिवाजी पुत्राविना वारले, राज्य खालसा झाले. पुढे शस्त्रागार मोडले आणि बरीच शस्त्रे भंगाराच्या भावाने गेली. भंगाराचे लिलाव रेल्वेत मी पुष्कळ पाहिलेत. तिथे वजन बघतात, कारागिरी नव्हे. वाचलेल्या काही आज चेन्नईत, काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

कट्यारी आपल्या जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयातही आहेत. मुलांना घेऊन जाल तेव्हा टोकाची जाडी बाजूने पाहायला सांगा.