भौतिकशास्त्रज्ञाचा परवाना : टेक्सास, १९९१

मागच्या व्याख्यानात आपण डॉक्टरांच्या नोंदणीचा इतिहास पाहिला. आज त्याच इस्पितळातल्या, पण रुग्णाला सहसा न दिसणाऱ्या माणसाकडे वळू या. कर्करोगावर किरणांची मात्रा किती द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. पण यंत्रातून खरोखर तेवढीच मात्रा बाहेर पडते ना, हे मोजून बघतो तो मेडिकल फिजिसिस्ट. मग या माणसाची पात्रता कोण तपासतं?

अमेरिकेत हा प्रश्न चुकांमधूनच पुढे आला. ओहायोतल्या कोलंबस शहरात १९७४ ते १९७६ या काळात ४२६ रुग्णांना जास्त मात्रा मिळाली. कारण ऐकायला अगदी साधं आहे. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांच्या आसपास. म्हणजे स्रोत दर महिन्याला साधारण एका टक्क्याने क्षीण होतो, आणि त्या हिशेबाने उपचाराची वेळ वाढवत जावी लागते. इथे क्षयाचा आलेखच चुकीचा काढला गेला होता. कागदावरचा स्रोत खऱ्या स्रोतापेक्षा लवकर क्षीण होत होता, वेळ वाढत गेली आणि चूकही महिन्यागणिक वाढत गेली. मधल्या काळात यंत्रासमोर मापक ठेवून कुणी मोजलंच नाही! आलेखावर विश्वास बसला की मोजणं राहून जातं, हे आपणही प्रयोगशाळेत अनुभवलेलं असतं.

यानंतर केंद्रीय अणुनियामक आयोगाने मोजमापाचे नियम कडक केले. पण गंमत बघा, त्यांचा अधिकार तेव्हा अणुभट्टीतून निघालेल्या किरणोत्सारी पदार्थांपुरता. लिनिअर ॲक्सिलरेटर विजेवर किरण तयार करतो; त्यात तसा स्रोतच नाही. त्यामुळे त्याचा वापर राज्याच्या कक्षेत.

आणि मग टेक्सासमधलं टायलर. २१ मार्च १९८६. थेरॅक-२५ यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरने चुकून भलतंच अक्षर दाबलं, वर जाण्याची कळ दाबून ते पटकन दुरुस्त केलं. पडद्यावर आलं ‘मालफंक्शन ५४’. आत रुग्णाला प्रचंड मात्रा बसली होती. कंपनीचे अभियंते आले. त्यांना बिघाड पुन्हा घडवता आला नाही. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झालं, ११ एप्रिलला दुसरा रुग्ण भाजला. दोघेही पुढे दगावले. इस्पितळाचे फिजिसिस्ट फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र तात्काळ बंद केलं आणि ऑपरेटरला सोबत घेऊन तो प्रसंग पुन्हा पुन्हा करून पाहिला, तेव्हा कळलं : दुरुस्ती झपाट्याने, आठ सेकंदांच्या आत झाली की घात होतो. कंपनीचा तात्पुरता उपाय काय, तर ती कळ काढा आणि वर चिकटपट्टी लावा!

टेक्सासने १९९१ साली मेडिकल फिजिक्स प्रॅक्टिस ॲक्ट केला. तो टायलरमुळेच झाला, असं आम्ही म्हणणार नाही. पण हेगर यांच्यासारख्या माणसाचं म्हणणं इस्पितळात कुठल्या आधारावर टिकतं, या प्रश्नाचं एक उत्तर त्यात आहे. कायद्याने चार शाखा वेगळ्या केल्या : निदान, उपचार, अणुवैद्यक आणि किरणसुरक्षा. एकीचा परवाना दुसरीत चालत नाही. व्यवसायाची स्वतःची प्रमाणपत्र-परीक्षा १९४७ पासून होतीच, पण ती ऐच्छिक. परवाना सरकार काढूनही घेऊ शकतं, हा फरक मोठा.

पुढे फ्लोरिडा, न्यूयॉर्क आणि हवाई यांनीही परवाना आणला; बहुतेक राज्यांनी नाही. आपल्याकडची वाट निराळी. ट्रॉम्बेला १९६२ पासून किरणसुरक्षेचं प्रशिक्षण आहे, आणि आज इस्पितळाला नेमावा लागणारा किरणसुरक्षा अधिकारी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मान्यतेचा लागतो. म्हणजे आपला भर संस्थेवर आणि पदावर, टेक्सासचा माणसावर.

टेक्सासमध्ये या परवान्यासाठी फिजिसिस्टांचं वेगळं मंडळ होतं. २०१५ साली विधिमंडळाने ते काम राज्याच्या मेडिकल बोर्डाकडे सोपवलं. म्हणजे फिजिसिस्टांवरचा शेवटचा शब्द डॉक्टरांच्या मंडळाकडे गेला. आम्हाला हे फारसं रुचलेलं नाही. सीमेपलीकडच्या ओक्लाहोमात मात्र हा वादच नाही, कारण तिथे असा परवानाच नाही.