आमच्या साइडबोर्डाचा दगड

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने आपल्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूची हकीकत लिहावी, असे चिटणीसबाईंनी सुचविले. पाटा-वरवंटा, पितळी समई, पानाचा डबा अशा पुष्कळ वस्तू डोळ्यांपुढे आल्या. परंतु गेले वर्षभर आमच्या घरी ज्या वस्तूवरून वाद चालला तिच्याविषयीच लिहावे हे बरे. सिंदी मेघेतील शेजारणींना ती ठाऊक आहे. हळदीकुंकवाच्या वाट्या दरवर्षी तिच्यावरच मांडलेल्या असतात.

ती वस्तू म्हणजे जेवणघरातील साइडबोर्ड. इंग्रज साहेब मायदेशी निघाले त्या सुमारास नागपूरला एका बंगल्यातील सामानाचा लिलाव झाला, त्यात मामंजींनी तो घेतला. खाली लाकडी कप्पे, दोन खण, आणि वर करड्या रंगाचा गुळगुळीत दगड. त्या दगडात पांढरट चकत्या दिसतात. काही गोल, काही लांबट, जणू भेंडी आडवीतिडवी चिरून टाकली आहे. सासूबाई म्हणत, "हे समुद्रातले शंख, शाप लागून दगड झाले." मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली आणि रात्रभर तशीच राहिली. सकाळी तिथे फिकट कडे उमटले होते. सासूबाई बोलल्या नाहीत, पण त्या कड्याकडे पाहत राहिल्या. ते कडे आजही आहे.

गेल्या वर्षी मुलाने घराचा वरचा मजला बांधला. सूनबाईंच्या मनात जेवणघरासाठी नवा साइडबोर्ड घ्यायचा, आणि तोही जीवाश्माच्या दगडाने मढविलेला. हल्ली तशी फॅशन आहे. "आई, जुना ठेवायचा तर ठेवू, पण दोन्हींना जागा नाही," असे तिने स्पष्ट सांगितले. तिचे चुकले असे मला वाटत नाही. दार एका बाजूने लोंबत होते, खण अडकत होते. तरी निवड करण्यापूर्वी दोन्हींचे मूळ तरी पाहावे म्हणून मी वाचू लागले.

मौज अशी की, या कपाटाचा जन्म संशयातून झाला. इटलीत सरदारांच्या जेवणाच्या वेळी बाजूच्या मेजावर अन्न ठेवून नोकर ते आधी चाखून पाहत; विष नाही अशी खात्री झाली म्हणजे मग पंगत. त्या मेजाला क्रेदेन्झा म्हणत, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी विश्वास. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात रॉबर्ट अॅडम याने जेवणघरात बाजूचे मेज आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन उभ्या पेट्या मांडल्या. सुतारांनी या तिन्ही वस्तू जोडल्या, आणि साइडबोर्ड तयार झाला. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला. मुंबईच्या कारागिरांनी शिसवीच्या लाकडात असले सामान इतके दाट कोरले की युरोपातही त्याला मागणी होती. आपल्या घरांतून मात्र कोनाडा, फडताळ आणि मांडणी एवढ्यावर भागत असे, आणि चांगले भागत असे.

आता दगडाविषयी. उत्तर इंग्लंडात फ्रॉस्टर्ली येथे काळा चुनखडीचा दगड निघतो, त्यात पोवळ्यांचे पांढरे सांगाडे असतात. डरहॅमच्या कॅथीड्रलमधील खांबांना तो वापरला आहे. डर्बीशायरच्या दगडात समुद्रकमळांच्या देठांच्या चकत्या असतात. समुद्रकमळ हे नाव फुलाचे, पण आहे तो प्राणी. आमच्या एका भूगर्भशास्त्र शिकविणाऱ्या नातलगाने साइडबोर्डावर भिंग धरून पाहिले आणि सांगितले, "मामी, तुमची भेंडी ती हीच." दगड नेमका कोणत्या खाणीतला हे त्यांनी सांगितले नाही, परंतु आपल्या जिल्ह्यातला नव्हे एवढे निश्चित म्हणाले.

का नव्हे, हे ऐकण्यासारखे आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तापलेल्या रसात कोणता जीव टिकणार? जे जीवाश्म मिळतात ते लाव्हाच्या थरांच्या खाली किंवा मध्ये सापडलेल्या तळ्यांच्या गाळात. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेले शेण मिळाले आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गेल्याच्या मागील शतकात तेथील हाडे मिळविली. हिस्लॉप कॉलेजला नाव त्यांचेच. 1863 साली टाकळघाटचे प्राचीन दगडी वर्तुळ पाहून परतताना ते नदीच्या पुरात बुडाले. वर्धा-नागपूर प्रवासात बुटीबोरी आली की मला ते आठवतात.

आणि आपले गिरड? ख्वाजा शेख फरीद यांच्या टेकडीवरचे गोलसर खडे आपण सर्वांनी पोरपणी वेचले आहेत. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फरीदबाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांचा सारा माल दगड करून टाकला. ते शरण आले तेव्हा वाळक्या पानांतून नवा माल करून दिला, अशी कथा आहे. सासूबाईंचा शाप बहुधा तिथूनच आला असावा. शास्त्र सांगते की, हे खडे म्हणजे जीवाश्म नव्हेत. लाव्हातील पोकळ्यांत खनिजे साठून ते घडले. दगड झालेली वस्तू म्हणून ज्याला आपण हात जोडतो ते कधी कोणी जिवंत नव्हतेच, आणि देवघरातील शाळिग्राम, ज्याला आपण दगड समजतो, तो मात्र खरोखर एका सागरी जीवाचे कवच आहे! हिमालय होण्यापूर्वी तिथे समुद्र होता. त्यातील अॅमोनाइट नावाचे हे जीव नेपाळच्या काली गंडकीत शाळिग्राम होऊन सापडतात. आपल्याकडे लाव्हा वाहत होता त्याच सुमारास या जीवांचा वंश पृथ्वीवरून संपला. कार्तिकात तुळशीचे लग्न लावताना यंदा मला हे आठवले, आणि अक्षता टाकायला क्षणभर उशीर झाला.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही सासू-सून नागपूरला दुकानात गेलो. नवा साइडबोर्ड दिसायला फार सुरेख होता, हे कबूल केलेच पाहिजे. दुकानदार म्हणाला, "ताई, अस्सल फॉसिल आहे." सूनबाई वाकून पाहत होती. तिने एक शिंपला दाखविला, मग हातभर अंतरावर दुसरा. दोन्ही अगदी सारखे, कडेचा टवकासुद्धा सारखा. जीव असा एका साच्यातून निघत नाही. दाराच्या कडेला पाहिले तर नक्षी कोपऱ्यावरच संपली होती. आत नुसता भुसा दाबलेली फळी. तो छापील कागद होता. सर्वच नवे सामान असे असते असे नव्हे. फिलिपीन्समधील मॅक्टन बेटाच्या प्रवाळी दगडाचे तुकडे जोडून 1970 नंतर पुष्कळ चांगले फर्निचर झाले, मोरोक्कोच्या काळ्या दगडातील लांबट शिंपलेही खरे असतात, आणि जैसलमेरकडच्या हाबूर गावचा जीवाश्मयुक्त दगड तर आपल्याच देशातला. मात्र यांतील बहुतेक चुनखडीचे. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचा थेंब पडला की डाग धरतात. दगड झालेले लाकूड गारेच्या जातीचे, त्याला लिंबाचे भय नाही. घेणाऱ्या भगिनींनी आधी कड पाहावी, मग उचलून वजन पाहावे, आणि स्वयंपाकघराशेजारी ठेवायचे असेल तर कोणता दगड ते विचारावे.

परत येताना गाडीत सूनबाई गप्प होती. मग म्हणाली, "आई, आपला तरी खरा आहे."

पण खरेपणाने वाळवी थांबत नाही. वर्ध्याच्या सुतारदादांनी मागची फळी काढली तर निम्मे लाकूड पोकळ. "काकू, दगड तेवढा ठेवा. खालचं आता वाळवीचं झालं." जुन्या वस्तूंचे व्यापारी सांगतील की सांगाडा बदलला म्हणजे किंमत गेली. त्यांचे म्हणणे विकणाऱ्यांसाठी ठीक आहे. मला दोन रात्री झोप लागली नाही ती किमतीसाठी नव्हे. मामंजींनी हौसेने आणलेली वस्तू माझ्या हातून मोडते आहे, यासाठी. शेवटी सागवानाचा नवा साइडबोर्ड सूनबाईंच्या मापाने झाला, बिनकोरीव, तिला आवडतो तसा. जुने पितळी कडे दारांना लावले. दगड चार जणांनी उचलून वर बसविला.

कड्याचा डाग घासून काढतो असे पॉलिशवाला म्हणाला होता. मी हो म्हणणार, तोच सूनबाई म्हणाली, "राहू द्या." लोणच्याची बरणी मात्र आता खालच्या कप्प्यात असते.