शाळेसाठी दारोदार

पार्वतीबाई आठवले पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागायला बाहेर पडल्या, तेव्हा विसावे शतक नुकते सुरू झाले होते. शुभकार्याला निघताना जिचे दर्शनही लोकांना नको असायचे, अशी केशवपन केलेली ब्राह्मण विधवा परक्या गावात जाते, चारचौघांत उभी राहून बोलते आणि विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते, हे त्या काळी ऐकायलाही जड होते. पार्वतीबाईंनी ते वर्षानुवर्षे केले. संस्थेच्या इतिहासात संस्थापकाचे नाव पहिल्या पानावर येते, मोठ्या देणगीदाराचे नाव इमारतीवर कोरले जाते. शाळा आणि समाज यांच्यामध्ये उभे राहून दोघांना जोडणाऱ्या माणसाचे नाव शोधावे लागते.

आज या कामाला जनसंपर्क म्हणतात. मोठ्या शिक्षणसंस्थांमध्ये त्यासाठी अधिकारी असतो, त्याला खोली आणि पगार असतो. अमेरिकेत शाळांचा जनसंपर्क सांभाळणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना 1935 मध्येच उभी राहिली. या कामात पुढाकार घेणाऱ्यांचा आणि नवख्यांना हाताशी धरून घडवणाऱ्या ज्येष्ठांचा ती पुरस्कार देऊन गौरव करते. महाराष्ट्रात पद उशिरा आले, काम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. ते एकाने दुसऱ्याला शिकवले, दुसऱ्याने तिसऱ्याला. ही परंपरा नीट पाहिली तर आपल्या शिक्षणाच्या इतिहासातला एक मोठा दुवा हाती लागतो.

सुरुवात पुण्यातून करावी लागते. जानेवारी 1880 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक आणि आगरकर ही नावे सगळ्यांना पाठ आहेत. त्यांच्यातलाच चौथा माणूस महादेव बल्लाळ नामजोशी, आणि तो आज फारसा कुणाला आठवत नाही. नामजोशींचा पिंड वर्गात रमणाऱ्या पंडिताचा नव्हता. अधिकारी, संस्थानिक, व्यापारी, वर्तमानपत्रवाले अशा सर्वांशी त्यांची ऊठबस होती. कुठे कोणता शब्द टाकायचा हे त्यांना कळत होते. ‘डेक्कन स्टार’ हे इंग्रजी पत्र ते चालवत असत आणि पुढे ते याच मंडळींच्या ‘मराठा’ पत्रात विलीन झाले.

त्यांच्या कामाची अडचण लक्षात घेतली म्हणजे त्याचे मोल कळते. 1882 मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आलेल्या मजकुरावरून टिळक-आगरकरांना शिक्षा झाली. दोघे 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. ज्या शाळेचे दोन शिक्षक अब्रुनुकसानीच्या खटल्यात तुरुंगात जाऊन आले, तिच्यासाठी संस्थानिकांकडे मदत मागायची आणि इंग्रज अधिकाऱ्यांची सदिच्छाही टिकवायची! तरीही ऑक्टोबर 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1885 च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले, आणि दक्षिणेतल्या संस्थानांनी संस्थेला हात दिला. या उभारणीत नामजोशींच्या धावपळीचा वाटा फार मोठा होता. 1896 मध्ये, ऐन चाळिशीत, ते गेले.

त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर हे ओझे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी उचलले. देशाला गोखले आठवतात ते कायदेमंडळातल्या भाषणांमुळे. त्याआधी सुट्टी लागली की फर्ग्युसनच्या इमारतीसाठी निधी जमवायला गावोगाव फिरणारे तरुण प्राध्यापक गोखले होते. त्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे. रानड्यांचे शिकवणे कडक होते. आकडा तपासल्याशिवाय लिहायचा नाही, समोरच्याची बाजू समजल्याशिवाय बोलायचे नाही, मसुदा पुन्हा पुन्हा करायचा, हे त्यांनी गोखल्यांच्या अंगी बाणवले. पैसे मागायला गेलेल्या माणसाला याच गोष्टी उपयोगी पडतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे सेवा देण्याचे वचन देत आणि वेतन महिना 75 रुपये घेत. आपण स्वतः किती कमी घेतो हे दाखवता आले की दुसऱ्याकडे मागताना मान खाली घालावी लागत नाही.

1891 मध्ये याच गोखल्यांनी मुंबईत शिकवणाऱ्या एका गणिताच्या पदवीधराला फर्ग्युसनमध्ये बोलावून घेतले. ते धोंडो केशव कर्वे.

कर्व्यांइतका या कामाला वरवर अयोग्य माणूस सापडणे कठीण. ते विलक्षण भिडस्त होते. बोलणे कमी, वक्तृत्व जवळपास नाही. मुलगा असताना मराठी सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले. तिथे लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू दिले नाही, तेव्हा मुकाट्याने परत आले. त्यातच 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या समाजाने वाळीत टाकले, त्याच समाजाच्या दारात जाऊन तीन वर्षांनी, 1896 मध्ये, त्यांना अनाथ बालिकाश्रमासाठी पैसे मागायचे होते.

त्यांनी काढलेली वाट अभ्यासण्यासारखी आहे. विधवाविवाह आणि विधवांचे शिक्षण ही दोन कामे त्यांनी काळजीपूर्वक वेगळी ठेवली. आश्रमात मुलगी ठेवली तर तिचे लग्न लावून देतील, ही आईबापांची भीती होती. ती जावी म्हणून कर्व्यांनी विधवाविवाहाच्या चळवळीतली आपली जबाबदारी सोडली. पुनर्विवाहावरचा त्यांचा विश्वास कधीच ढळला नाही, पण आश्रमाच्या दारात तो आडवा येऊ दिला नाही. सुधारकांपैकी काहींना हे माघार घेणे वाटले असेल. प्रत्यक्षात याच निर्णयामुळे सनातनी घरांतल्या मुली आश्रमात येऊ शकल्या. दर वर्षी छापील अहवाल आणि पैशाचा चोख हिशेब हे त्यांचे दुसरे साधन. चार आणे देणाऱ्यालाही आपले चार आणे कुठे गेले हे कळले पाहिजे, अशी ही शिस्त होती.

1900 मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला, रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या जमिनीवर, एका झोपडीत गेला. कर्वे कॉलेजातले तास संपले की चार मैल चालत तिथे जात. पावसाळ्यात चिखल, रात्री अंधार, सोबत आश्रमासाठी लागणारे सामान. पुण्यातल्या लोकांनी हे येणे-जाणे वर्षानुवर्षे पाहिले. कर्वे सभा गाजवू शकत नव्हते, पण त्या रस्त्यावरची त्यांची रोजची फेरी हीच आश्रमाची ओळख झाली.

पार्वतीबाई या बायांच्या धाकट्या बहीण. जन्म 1870 चा, देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य, पदरी लहान मुलगा. त्या बहिणीकडे पुण्याला आल्या, शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि आश्रमात रुजू झाल्या. कर्व्यांचे मोठेपण असे की स्वतःला जे जमत नाही ते या बाईला जमेल, हे त्यांनी ओळखले आणि तिला पुढे केले. पार्वतीबाई स्पष्ट बोलत. शिवाय त्यांनी पुनर्विवाह केला नव्हता. परंपरेप्रमाणे वेश, परंपरेप्रमाणे केशवपन. कर्व्यांसमोर दार लावून घेणारा गृहस्थ पार्वतीबाईंना ओसरीवर बसू देई. ‘आमच्या मुली बिघडतील’ या आक्षेपाचे उत्तर त्यांना द्यावेच लागत नसे, कारण ते समोर बसलेले असे.

एका फेरीत काय काय असे हे जरा जवळून पाहावे. ओळखीच्या घराची चिठ्ठी घेऊन गावात उतरायचे. आधी त्या घरच्या बायकांशी बोलायचे, कारण घरातल्या तरुण विधवेची कथा त्यांच्याकडून कळते. मग एखाद्या देवळात किंवा कुणाच्या अंगणात व्याख्यान. शेवटी वर्गणी: कुणी रुपया, कुणी आठ आणे, कुणी फक्त आश्वासन. प्रत्येक पैशाची पावती फाडायची, सगळे हिंगण्याला पोचवायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. पैशाइतक्याच महत्त्वाच्या होत्या त्या व्याख्यानानंतर हळूच येऊन ‘माझ्या बहिणीला तुमच्याकडे घ्याल का’ असे विचारणाऱ्या बायका. आश्रमात मुली येत राहिल्या, त्यात या फेऱ्यांचा वाटा देणग्यांपेक्षा मोठा मानायला हवा.

1912 मध्ये पार्वतीबाईंनी केशवपन थांबवले. केस वाढवले. ज्या रूपामुळे लोकांनी दारे उघडली, तेच रूप त्यांनी आपल्या विचाराने टाकले. टीका झाली, जवळच्यांनाही ते रुचले नाही. तोवर लोकांचा विश्वास त्यांच्या बोलण्या-वागण्यावर बसलेला होता, म्हणूनच काम थांबले नाही.

इंग्रजी येत नसल्याने बड्या शहरांतले कित्येक दरवाजे बंद राहतात, हे त्यांना सलत होते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, 1918 मध्ये, त्या इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी मदत मिळवायला एकट्या अमेरिकेला गेल्या. हाती पैसा नव्हता. अमेरिकन घरांत भांडी घासणे, झाडलोट अशी कामे करून त्यांनी दिवस काढले, आजारपणे सोसली आणि 1920 मध्ये त्या परत आल्या. हा सगळा प्रवास त्यांनी ‘माझी कहाणी’ या 1928 च्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. दोनच वर्षांत जस्टिन ॲबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. या बाईने सगळ्याच बाबतीत कर्व्यांची री ओढली असेही नाही. स्त्रीशिक्षणाचे स्वरूप कसे असावे याविषयी त्यांची स्वतःची, बरीच जुन्या वळणाची मते होती आणि त्या ती बोलून दाखवत. तरी कर्व्यांनी त्यांना संस्थेचा चेहरा म्हणून पुढे केले, याला मन मोठे लागते.

त्याच 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांनी दरम्यान उभारलेल्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. ते योग्यच झाले. मात्र ठाकरसींना देणगी द्यावीशी वाटेल अशी पत विद्यापीठाच्या मागे उभी होती, आणि ती पत रुपया-आठ आण्यांच्या वीस वर्षांच्या फेऱ्यांनी कमावलेली होती.

साताऱ्याकडे वळले की वेगळीच माती लागते. भाऊराव पाटलांनी ऑक्टोबर 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याआधी ते ओगले काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांचे विक्रेते होते. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकऱ्याला पटवून विकणे हे त्या काळी सोपे नव्हते. गावातला शब्द कुणाचा चालतो, कुठल्या हंगामात बोलायचे, शेतकरी कोणत्या कारणाने नाही म्हणतो, हे सगळे भाऊराव त्या फिरतीत शिकले. पुढे शाळा मागायला ते त्याच गावांत गेले.

त्यांनी रोख रक्कम मागण्यावर भर दिला नाही. शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते, धान्य असते. म्हणून मुष्टिफंड: घरातल्या बाईने रोज मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहातल्या मुलांसाठी द्यायचे. रोज मूठ काढणाऱ्या बाईला ती शाळा आपली वाटू लागली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवत. 1927 मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. वसतिगृह अडचणीत आले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र विकले, आणि गावोगावच्या बायकांनी ही गोष्ट एकमेकींना सांगितली.

भाऊरावांचे शिष्य म्हणजे ही वसतिगृहातली मुलेच. कमवा आणि शिका या पद्धतीने खडी फोडत, शेतात राबत शिकलेली मुले शिक्षक झाली आणि भाऊरावांनी धाडले त्या खेड्यात शाळा काढायला गेली. तिथे मुख्याध्यापक म्हणजे शिकवणारा, वर्गणी गोळा करणारा आणि गावच्या दोन गटांना एका चटईवर बसवणारा माणूस. स्वातंत्र्यानंतर सरकारने रयतचे अनुदान थांबवले, तेव्हा गाडगेबाबांनी मुंबई प्रांताचे प्रमुख बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. लोकांत मुरलेल्या संस्थेची बाजू घ्यायला लोकांचाच संत उभा राहिला.

कर्व्यांना 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. भाऊरावांना 1959 मध्ये पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली, आणि त्याच वर्षी 9 मे रोजी ते गेले. हे सन्मान पोचले ते नेतृत्वापर्यंत. नामजोशी, पार्वतीबाई, रयतचे ते नाव न उरलेले मुख्याध्यापक यांच्यासाठी वेगळा मान कुणी राखला नाही. आजही राज्य शिक्षक पुरस्कार दिले जातात, आदर्श शाळा निवडल्या जातात, पण शाळेसाठी गाव जोडणाऱ्याला आणि त्याला हे काम शिकवणाऱ्याला त्या यादीत स्वतंत्र जागा नाही.

महाराष्ट्रात रयतच्या आणि इतर संस्थांच्या कित्येक शाळा आता पाऊणशे वर्षांच्या उंबरठ्यावर आहेत, काहींनी शंभरी ओलांडली आहे. त्यांच्या स्मरणिका निघतील. त्या छापण्याआधी दप्तरखान्यातली जुनी पावतीपुस्तके आणि सभांची इतिवृत्ते उघडावीत, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, आणि शाळेसाठी कोण दारोदार फिरले, त्यांना कुणी तयार केले, त्या बायकांची आणि पुरुषांची नावे संस्थापकाच्या नावाच्या पानावरच छापावीत.