संगणक म्हणतो ‘गुणकारी’, म्हणजे औषध सापडलं का?

हळदीतलं करक्युमिन अमुक आजारावर गुणकारी, असे मेसेज सतत फिरत असतात. अशा काही दाव्यांमागे ‘मॉलिक्युलर डॉकिंग’ असतं. कुलपात किल्ली बसते का पाहावं, तसं वनस्पतीतला रेणू आजाराशी संबंधित प्रथिनाच्या खाचेत बसतो का, हे संगणकावर तपासतात. त्यातून हजारो रेणूंपैकी पुढे अभ्यासण्याजोगे मोजके निवडता येतात.

पण हा फक्त अंदाज असतो. पोटात गेलेलं करक्युमिन रक्तात फारच कमी पोहोचतं. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त आलेल्या आढाव्यानुसार, माणसांवर १२० हून अधिक चाचण्या होऊनही एकाही डबल-ब्लाइंड, प्लासिबो-नियंत्रित चाचणीत ते यशस्वी ठरलं नव्हतं.

त्यामुळे असा मेसेज आला, तर माणसांवर चाचणी झाली आहे का, हे आधी पाहा. त्याच्या भरवशावर सुरू असलेलं औषध बंद करू नका.