लहान आतड्याचा कर्करोग

लहान आतड्याचे अस्तर, भिंत किंवा तेथील लसीका ऊतक यांत उद्भवणारी मारक अर्बुदे. ही सुमारे सहा मीटरची नळी पचनमार्गाचा सर्वांत लांब भाग; तरी पचनमार्गाच्या कर्करोगांत तिचा वाटा पाच टक्क्यांहून कमी आहे. ग्रंथिकर्क बहुधा ग्रहणीत (आतड्याच्या सुरुवातीच्या भागात), तर न्यूरोएंडोक्राइन गाठी शेषांत्रात (शेवटच्या भागात) होतात. भिंतीतील आधार-ऊतकाची गाठ म्हणजे जिस्ट आणि लसीका ऊतकाचा लिम्फोमा हे इतर मुख्य प्रकार.

निदान अनेकदा लांबते. मुरडा येऊन थांबणे, जेवणानंतर पोट फुगणे, काळी शौच, न हटणारा रक्तक्षय ही लक्षणे शंभर आजारांची असतात. रायपूरच्या पुरानी बस्तीतला रुग्ण फिकट दिसला की आधी सिकलसेलचा विचार होतो. छत्तीसगड आणि विदर्भात तो रास्तच. आतडे अरुंद दिसले तर संशय क्षयाचा. मात्र नमुना न तपासता क्षयाची औषधे सुरू करून महिने घालवणे घातक ठरते. तोंडावाटे घातलेली दुर्बीण साधारण ग्रहणीपर्यंत पोहोचते, गुदमार्गाची शेषांत्राच्या टोकापर्यंत. मधल्या भागासाठी सीटी एन्टेरोग्राफी, २००१ पासून वापरात असलेली कॅमेऱ्याची कॅप्सूल आणि नमुना घेऊ शकणारी दुहेरी फुग्याची दुर्बीण हे उपाय आहेत. आतडे अरुंद झाले असेल तर कॅप्सूल अडकू शकते, म्हणून आधी सीटी करावी. रायपुरात टाटीबंधचे एम्स आणि आंबेडकर रुग्णालयातील प्रादेशिक कर्करोग केंद्र ही मोठी सरकारी ठिकाणे आहेत.

लिम्फोमाचा मुख्य उपचार औषधांचा. इतर गाठींत बरे होण्याची खरी संधी शस्त्रक्रियेत असते. गाठीच्या दोन्ही बाजूंचे निरोगी आतडे आणि आंत्रबंधाचा (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याचा) लसीका ग्रंथींसह पाचरीसारखा तुकडा काढून टोके जोडतात. ग्रहणीच्या दुसऱ्या भागातील गाठीला बहुधा व्हिपल शस्त्रक्रिया लागते. स्वादुपिंडाचे डोके, पित्ताशय व पित्तनलिकेचा भागही जातो. न्यूरोएंडोक्राइन गाठी अनेकदा एकाहून अधिक असतात, त्यामुळे शल्यविशारद सारे आतडे हाताने चाचपून पाहतो. येथे यंत्रापेक्षा बोटे भरवशाची. शेषांत्राचे टोक बरेच काढावे लागल्यास ब-१२ ची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात.

जिस्टमध्ये लसीका ग्रंथी सहसा काढत नाहीत, पण गाठ फुटू न देणे महत्त्वाचे. फुटल्यास पोटभर पेशी पसरतात. बहुतेक जिस्टमागे किट जनुकातील बदल असतो, हे जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. धोका जास्त असेल तर शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे इमॅटिनिब देतात. या औषधाच्या ग्लिव्हेक रूपाला पेटंट देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नकार दिला. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात टिकून राहिल्या.