शरणपूरचे आफ्रिकी विद्यार्थी व त्यांची इंग्रजी विद्या

नाशिकास द्वारकेपाशीं आग्र्याचा व पुण्याचा असे दोन रस्ते मिळतात. तेथून जुनें शहर ओलांडून पश्चिमेस गेलें म्हणजे शरणपूर लागतें. चर्च मिशनरी सोसायटीनें इ. स. १८५४ च्या सुमारास ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रज आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस उतरविलीं जात. त्यांपैकीं पुष्कळ पुढें येथें आणिलीं. पाद्री विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखालीं त्यांस सुतारकाम, लोहारकाम व इंग्रजी शिकवीत.

इ. स. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलास प्रवेश मिळाला नाहीं व मुंबई सरकारनेंहि त्याच्या अर्जास दाद दिली नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे शरणपूरच्या शाळेचें मोल कळतें. धर्मप्रसाराचा हेतु अर्थातच उघड होता. मुलांचीं मूळ नांवें जाऊन इंग्रजी नांवें आलीं, ही किंमतहि लहान नव्हे.

या विद्यार्थ्यांपैकीं जेकब वेनराइट हा इ. स. १८७२ त लिव्हिंग्स्टनच्या मदतीस गेलेल्या मंडळींत होता. मे १८७३ च्या आरंभीं, आजच्या झांबियांतील चितांबोच्या गांवीं, लिव्हिंग्स्टन निवर्तला. तेव्हां अंत्यविधीची प्रार्थना जेकबनें वाचली, झाडावर लेख कोरिला, आणि शव समुद्रापर्यंत नेण्याच्या खडतर प्रवासाची रोजनिशी इंग्रजींत लिहिली. ता. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर अॅबेंत शवपेटिकेसमवेत चालणाऱ्या मानकऱ्यांत तो होता.

येथवर कथा गौरवाची आहे. परंतु त्या रोजनिशीचें काय झालें? तिचें जर्मन भाषांतर १८७४ मध्येंच छापलें गेलें; मूळ इंग्रजी हस्तलिखित मात्र २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या भाषेंत लिहिलें, तिच्या वाचकांस लेखकाचे स्वतःचे शब्द मिळावयास १४५ वर्षें लागलीं. इंग्रजी शिक्षणांतील न्यायाची चर्चा आपण बहुधा प्रवेशापाशीं व फीपाशीं थांबवितों. शिकलेल्याचें लिहिणें कोण ऐकतो, हा प्रश्न परीक्षकांस अवांतर वाटेल. आमच्या मतें तोच मुख्य आहे.

इ. स. १८७५ मध्यें प्राइस यांनीं मोंबासानजीक फ्रिअरटाउन वसविलें. नाशिकास शिकलेले अनेक आफ्रिकी तेथें गेले व शिक्षक झाले. त्यांच्यापैकीं विल्यम जोन्स व इश्मेल सेमलर यांस इ. स. १८८५ त पाद्रीपणाची दीक्षा मिळाली.