‘सिस्टिम खाली है क्या?’ : हैदराबादच्या गेमिंग कॅफेंचा न लिहिलेला इतिहास

हैदराबादच्या मराठी माणसाला इतिहास म्हटला की विवेक वर्धिनी आठवते, मराठी ग्रंथसंग्रहालय आठवते, मुक्तिसंग्राम आठवतो. स्मरणिकेत या विषयांवर लेख असतातच, आणि ते असायलाच हवेत. यंदा मात्र ज्या जागांवर कुणी कधी पाटी लावणार नाही, अशा काही जागांविषयी लिहावेसे वाटले. नारायणगुडा, हिमायतनगर, काचीगुडा, अमीरपेठ, दिलसुखनगर, सिकंदराबादचे पार्कलेन या भागांत साधारण २००० ते २०१५ या काळात अशा खोल्या होत्या. एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर किंवा तळघरात दहा-वीस संगणक, एक घरघरणारा एसी आणि दारावर बंदूकधारी सैनिकाचे पोस्टर. आज पस्तिशी-चाळिशीत असलेली, आरतीला स्वतःची मुले कडेवर घेऊन येणारी आपली मुले शाळा-कॉलेजच्या वयात तिथे बसत. घरी सांगताना ते ‘प्रोजेक्टसाठी नेट कॅफेत’ गेलेले असत.

हे कॅफे खेळासाठी उघडलेले नव्हते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकाला खुले केले, ते आधी मोठ्या महानगरांत. १९९८च्या नोव्हेंबरमध्ये खासगी कंपन्यांना परवाने देण्याचे धोरण आले आणि त्याच महिन्यात पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते माधापूरच्या सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले. शहराला संगणकाचे वेड लागले. अमीरपेठेत मैत्रीवनमच्या आसपास संगणकाच्या शिकवण्यांची जत्रा भरली. शिकणाऱ्यांना बायोडाटा पाठवायला, व्हिसाचे अर्ज भरायला आणि आपल्यासारख्यांना अमेरिकेतल्या लेकाला पत्र टाकायला कॅफे लागत. बरकतपुऱ्याच्या एखाद्या कॅफेत शेजारच्या पोराकडून ‘अॅट द रेट’ कसे टाइप करायचे हे शिकलेले ज्येष्ठ सभासद आपल्यात अजून आहेत.

मग कॅफे वाढले, दर पडले, आणि मालकांच्या एक गोष्ट लक्षात आली. पत्र पाठवणारा दहा मिनिटांत उठतो, खेळणारा तीन तास उठत नाही. शिवाय खेळणाऱ्याला इंटरनेट लागत नव्हते. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. खोलीतले सगळे संगणक तारांनी एका स्विचच्या डबीला जोडले की दहा जण एकाच खेळात उतरू शकत. याला लॅन म्हणत. बाहेरची टेलिफोन लाइन इतकी संथ असे, की आपण झाडलेली गोळी लागली की नाही हे कळेपर्यंत आपणच मेलेलो असायचे. खोलीतल्या तारेवर मात्र उशीर जाणवतच नसे. म्हणून खेळायचे तर एका खोलीत यायलाच हवे होते. ही त्या काळातल्या तंत्राची अडचण होती. हौसेने कुणी एकत्र येत नव्हते, पण येत होते हे खरे.

खेळही तसेच होते. ‘एज ऑफ एम्पायर्स’ १९९७चा, त्याचा दुसरा भाग १९९९चा. त्यात गावे वसवायची, सैन्य उभे करायचे. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मूळचा ‘हाफ-लाइफ’ नावाच्या खेळात दोघा हौशी तरुणांनी १९९९मध्ये केलेला फेरफार. पुढच्या वर्षी तो कंपनीमार्फत बाजारात आला आणि २००३ची त्याची १.६ ही आवृत्ती हैदराबादच्या कॅफेंत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली. ‘डोटा’ तर ‘वॉरक्राफ्ट’मधला खेळाडूंनी स्वतःच रचलेला नकाशा. या सगळ्यांच्या सीडी पार्कलेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरच्या परिसरात मिळत. त्यांतल्या अस्सल किती आणि नकली किती, हे न विचारलेले बरे.

२००४च्या सुमाराची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले तरी चिरंजीव घरी नाहीत म्हणून मी नारायणगुड्याच्या एका जिन्यावरून वर गेलो. मनात चार शब्द तयार होते. आत पाहतो तर पाच पोरे या भिंतीला, पाच त्या भिंतीला. मधून आरडाओरडा चालला होता, दखनीत, तेलुगूत, आणि माझ्या मुलाच्या तोंडून मराठीत. ‘बाबा, हा राउंड संपू द्या, पाच मिनिटं!’ काउंटरवरच्या मुलाने ‘बैठो अंकल’ म्हणून मला खुर्ची दिली आणि चहा मागवला. मी बसलो. मुलाच्या गटात शाहअलीबंड्याचा एक मुलगा होता, एक दिलसुखनगरचा. समोरच्या गटात एक मारवाडी मुलगा इतका सुरेख खेळत होता, की हरल्यावरही आमची पोरे त्याच्याच खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, तो कसे करतो ते बघायला. खाली उतरताना मी रागावायचे विसरलो होतो. घरी गेल्यावर त्याची आई विसरली नव्हती.

तिथे सगळे सोवळे होते असे मुळीच नाही. क्लासच्या फीमधले पैसे तिथे गेले, काहींची वर्षे वाया गेली, जिन्यात सिगारेटचा वास असे. मुली तर दिसतच नसत; शहराच्या निम्म्या तरुणाईला त्या दाराबाहेरच ठेवले गेले, आणि आम्हा कुणाला त्यात काही खटकलेही नाही. पण वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुले ओळखीपाळखीशिवाय शेजारी बसून खेळतात, अशा जागा शहरात किती असतात? इराण्याच्या हॉटेलात एका टेबलावर अनोळखी माणसे बसत, पण ती एकमेकांशी खेळत नसत.

स्पर्धाही तिथूनच निघाल्या. आधी एका कॅफेची पोरे दुसऱ्या कॅफेच्या पोरांना आव्हान देत. हरणाऱ्याने तासाचे पैसे भरायचे. मग कॅफेवाले प्रवेश फी घेऊन शनिवार-रविवारी सामने भरवू लागले. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या महोत्सवांत लॅब रिकामी करून ‘लॅन गेमिंग’ होऊ लागले. वरच्या टोकाला होती ‘वर्ल्ड सायबर गेम्स’, २०००मध्ये दक्षिण कोरियाने सुरू केलेली, खेळांचे ऑलिंपिक म्हणवणारी स्पर्धा. देशोदेशी निवड फेऱ्या आणि मग एका शहरात महाअंतिम फेरी, अशी तिची रचना. भारताचे संघही तिथे जात. काचीगुड्याच्या खोलीतून सॅन फ्रान्सिस्को किंवा सिंगापूरपर्यंत जिना आहे, असे पोरांना वाटे. बहुतेकांसाठी तो दुसऱ्या पायरीलाच संपला, पण जिना होता.

आता उतरणीचे बोलू. कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळते: मोबाइल आला आणि कॅफे मेले. मला हे अर्धेच खरे वाटते. मोबाइल आला तेव्हा कॅफे आधीच खिळखिळे झालेले होते.

पहिला धक्का संशयाचा. २५ ऑगस्ट २००७ रोजी लुंबिनी पार्क आणि कोठीच्या गोकुळ चाटमध्ये स्फोट झाले. कोठी म्हणजे आपल्या सुलतान बाजारचे तोंडच. त्यानंतर घोळका दिसला की नजर वळू लागली. एप्रिल २०११मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम आणले: प्रत्येकाचे ओळखपत्र पाहायचे, नोंदवही ठेवायची, आडोसे साडेचार फुटांहून उंच नकोत, ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाला मोठ्या माणसाशिवाय आत घ्यायचे नाही. नियम चुकीचे होते असे मी म्हणत नाही. पण ज्याचे निम्मे गिऱ्हाईक दहावी-बारावीचे, त्या धंद्याला ते परवडणारे नव्हते.

दुसरा धक्का खेळ बनवणाऱ्यांनीच दिला, आणि माझ्या मते हाच खरा. पूर्वी खेळ दुकानातल्या संगणकात असे. पुढे तो खेळाडूच्या नावाच्या खात्यात गेला. २०१०मध्ये ‘स्टारक्राफ्ट’चा दुसरा भाग आला, त्यात लॅनची सोयच काढून टाकली होती. २०१३ला ‘डोटा २’ फुकट मिळू लागला, पण कंपनीच्या सर्व्हरवर खाते उघडूनच. नकली सीडीला आळा बसला, हे न्याय्यच झाले. मात्र दहा जणांनी एका खोलीत येण्याचे जे एकमेव सक्तीचे कारण होते, ते त्याबरोबर गेले. आता शेजारच्या खुर्चीतल्या मित्राशी खेळायलाही परदेशातल्या सर्व्हरचा फेरा घ्यायचा, मग तो मित्र घरी बसला काय आणि इथे बसला काय! घरोघरी ब्रॉडबँड आले होतेच. कॅफेकडे भाड्याने द्यायला खुर्ची, एसी आणि महागडे ग्राफिक्स कार्ड एवढेच उरले, आणि ते कार्ड दोन वर्षांत जुने होई. कोरियात असेच कॅफे, ज्यांना तिथे ‘पीसी बांग’ म्हणतात, अजून तग धरून आहेत. त्याचे एक कारण असे, की तिथल्या खेळ-कंपन्या कॅफेत बसून खेळणाऱ्याला घरी न मिळणाऱ्या सवलती देतात. आपल्याकडे कॅफेवाल्याशी बोलायला कुणी कंपनी आली नाही.

वर्ल्ड सायबर गेम्सही २०१३च्या चीनमधल्या फेरीनंतर थांबले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, पण मधल्या काळात ती पिढी नोकरीला लागली होती. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आले तेव्हा खरे तर शेवटचा हात फिरायचा राहिला होता.

आणि याच पडझडीच्या काळात हैदराबादने देशातली तोवरची एक मोठी प्रत्यक्ष स्पर्धा पाहिली. १० मार्च २०१९ रोजी ‘पबजी मोबाइल इंडिया सिरीज’ची अंतिम फेरी आपल्या शहरात झाली. एक कोटी रुपयांची बक्षिसे होती. ‘टीम सोल’ जिंकली. प्रेक्षागृह तरुणांनी भरलेले होते, इंटरनेटवरून पाहणारे वेगळेच. त्याच आठवड्यात गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी तोच खेळ खेळणाऱ्या मुलांना बंदी मोडल्याबद्दल अटक केली! एका शहरात कोटीचे बक्षीस, दुसऱ्यात कोठडी. पुढे २ सप्टेंबर २०२०ला केंद्रानेच पबजीवर बंदी घातली. २०२१च्या जुलैत तो नव्या नावाने आला, २०२२च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३च्या मेमध्ये पुन्हा आला. आपल्या राज्याच्या कायद्याच्या पुस्तकात ‘गेमिंग’ म्हणजे जुगार. २०१७मध्ये तेलंगणाने ऑनलाइन रमीसकट पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले तेही त्याच गेमिंग कायद्यात दुरुस्ती करून. एकाच शब्दात पत्त्यांचा क्लब आणि पोरांचा खेळ कोंबल्यावर घरच्यांनी तरी काय समजावे? केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले, तेव्हा कुठे खेळ म्हणून त्याला सरकारी दार मिळाले.

मार्च २०२०च्या टाळेबंदीने उरलेसुरले कॅफे बंद केले. संगणक विकले गेले, गाळ्यांत मोबाइल दुरुस्तीची नाहीतर बिर्याणीची दुकाने आली. आता गच्चीबावली, ज्युबिली हिल्सकडे चकचकीत गेमिंग लाउंज आहेत. वाढदिवसाला मुले तिथे जातात, ओळखीच्यांबरोबरच जातात आणि ओळखीच्यांबरोबरच परततात. मोठ्या स्पर्धा संपल्या असेही नाही. जून २०२४मध्ये पबजीच्याच नव्या अवताराची राष्ट्रीय अंतिम फेरी माधापूरच्या हायटेक्समध्ये झाली. दिवे, पडदे, निवेदक, सगळा थाट सिनेमाचा. माझा नातू पाहून आला आणि खूश होता. मी विचारले, ‘तू खेळलास का?’ तो म्हणाला, ‘आजोबा, तिथे खेळायचं नसतं, बघायचं असतं.’ त्याच्या वडिलांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा ताटात घातली.

तालमींचेही असेच झाले होते. गल्लीतली तालीम गेली आणि कुस्ती टीव्हीवर आली. पण तालमींची निदान नोंद आहे, वस्तादांची नावे आहेत, फोटो आहेत. २००२च्या ऑक्टोबरात विश्वनाथन आनंद हैदराबादेत बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकला, त्याचा डाव न् डाव छापून ठेवलेला आहे. त्याच काळात नारायणगुड्याच्या खोलीत शनिवारी कोण जिंकले, हे कुठेही लिहिलेले नाही. नियमाने ठेवायच्या नोंदवह्याही एक वर्षच जपायच्या होत्या. वर्ष संपले की रद्दीत. स्क्रीनवरचे गुण संगणक बंद केला की पुसले जात. मालकांनी फलक उतरवून भंगारात दिले. हैदराबादेत आज इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या कंपन्यांची कार्यालये आहेत, तिथे खेळ बनवण्याच्या कामावर याच शहरातली मुले बसतात. त्यांतल्या किती जणांचे पहिले धडे त्या जिन्यांवरच्या खोल्यांत झाले, हे त्यांनाच ठाऊक.

आपल्या मंडळाच्या अहवालात गणेशोत्सवातल्या कॅरम आणि बुद्धिबळाच्या विजेत्यांची नावे छापली जातात. म्हणून मंडळाच्या तिशी-चाळिशीतल्या सभासदांना एक विनंती करतो. तुमच्याकडे त्या काळातले काही असेल, कॅफेचे सभासद-कार्ड, तासांचे कूपन, स्पर्धेचे हाताने लिहिलेले वेळापत्रक, कुणाच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातला एखादा धूसर फोटो, तर त्याची प्रत कार्यालयात आणून द्या. कॅफे कोणत्या गल्लीत होता, किती संगणक होते, तासाला किती रुपये पडत, तुमच्या गटात कोण होते आणि ते आता कुठे आहेत, हे एका कागदावर लिहून सोबत जोडा. अनंत चतुर्दशीपर्यंत आले तर बरे, नंतर आले तरी चालेल. आमच्या घरचे एक कूपन मी आधीच देऊन ठेवले आहे. त्यावर वीस रुपये, एक तास असे छापलेले आहे. मागच्या बाजूला चिरंजीवांच्या अक्षरात तीन नावे आणि एक टेलिफोन नंबर आहे, सात आकडी, म्हणजे आता न लागणारा.